जाडीचा पुढचा पाय

निकानोर माझा बाप नाही. हे आधीच सांगते, कारण गल्लीत सगळे मला त्याचीच पोर समजतात आणि मी कुणाचं खोडून काढत नाही. माझ्या आईने त्याच्याबरोबर घर मांडलं, मग मोडलं आणि समुद्रापलीकडे टॅम्पाला निघून गेली. मला म्हणाली, "चल." मी म्हटलं, "तू जा." ती निघाली तेव्हा निकानोर अंगणात गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. बॅगेची चाकं खडखडत दारातून गेली तरी तो बाहेर आला नाही. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "पोरी, अर्ध्या इंचाचा पाना दे." मी दिला. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालंय.

शाळा मी तेव्हा सोडलेलीच होती. वर्गात बसलं की माझे पाय वळवळायचे. गाडीखाली वळवळत नाहीत.

निकानोर साठीच्या पुढचा आहे, कानाने अर्धा बहिरा. तरुणपण सगळं साखर कारखान्याच्या वर्कशॉपात गेलं. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात निघाली आणि ह्याने हाताला लागेल ते घरी आणलं. आमच्या अंगणात कोंबड्या कमी आणि गंजलेलं लोखंड जास्त. कुणी चोर म्हटलं की तो चिडत नाही. म्हणतो, "ज्या यंत्राला जन्मभर तेल पाजलं त्याने जाताना एखादा दात द्यायला नको?"

गाडीचं नाव जाडी. बावन्न सालची शेव्रोले, त्याच्या बापाची. इंजिन कुठल्याशा पाण्याच्या पंपाचं, डिझेलवर चालणारं. ब्रेक रशियन गाडीचे, काचा बसच्या. तिचं स्वतःचं असं आता पत्रा आणि हट्ट एवढंच उरलंय. प्लासेतास ते सांता क्लारा, सांता क्लारा ते प्लासेतास, माणसं भरायची आणि सोडायची. आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर सोराइदा.

सोराइदा आमच्या समोरच राहते. शाळेच्या खाणावळीत स्वयंपाक करायची. अंगाने दांडगी, तोंडाने त्याहून दांडगी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सांता क्लाराच्या हॉस्पिटलात तिचं रक्त मशीनमधून धुऊन परत अंगात घालतात. आधी न्यायला अॅम्ब्युलन्स यायची. मग डिझेल नाही म्हणून कधी यायची, कधी नाही. एके दिवशी निकानोरने दार उघडून हॉर्न मारला आणि म्हणाला, "बस." त्याबद्दल तो तिच्याकडून काही घेत नाही. का नेतोस विचारलं तर म्हणतो, "ती पुढे बसली की मागचे भांडत नाहीत."

तर त्या मंगळवारी उजाडताना, रेल्वे फाटकावर, जाडीचा डावा पुढचा पाय मोडला. बंदूक उडावी तसा आवाज झाला आणि नाक धाडकन खाली. आतली स्प्रिंग मधोमध तुटली होती. सोराइदाला एका घोडागाडीवाल्याने घरी आणलं, आणि जाडीला दोन बैलांनी. तिची मंगळवारची मशीन हुकली.

हॉस्पिटलातून फोनवर सांगितलं, गुरुवारी काहीही करून आणा. शनिवारपासून अंगात पाणी साठतंय, ते फुप्फुसात गेलं तर आमच्या हातात काही राहणार नाही. मी गल्लीगल्ली फिरले. एकाची गाडी बंद, दुसऱ्याकडे डिझेल नाही, तिसरा म्हणाला बघतो. बघतो म्हणणारा कधी येत नाही. डिझेल आमच्याकडे होतं, एक कॅन, पलंगाखाली. पाय नव्हता.

निकानोरने चाक काढलं आणि आत बघून नुसता श्वास सोडला. स्प्रिंग तर गेलीच होती, पण किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती खीळ, खुळखुळ्यासारखी वाजत होती आणि सांध्यांतल्या रबरी बुशांचा भुगा झाला होता. म्हणाला, "हे असंच ठेवून नुसती स्प्रिंग घातली तर चाक वेगळं आणि आपण वेगळे जाऊ." मग सगळं खोललं. बुश आम्ही ट्रकच्या टायरमधून कापून काढले. किंगपिनला पितळी नळी बसवली, ती मी बोटात धरून धरून घासली, इतकी की नखं सोलली. बुधवारी दुपारपर्यंत सगळं जागेवर आलं. राहिली स्प्रिंग.

नवी स्प्रिंग कुठून आणणार? तो मंगळवारीच अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन कारखान्याच्या कुठल्याशा यंत्राची घेऊन आला होता. माझ्या अंगठ्याहून जाड सळई. त्याच संध्याकाळी वीज होती तेवढ्यात ग्राइंडरने तिचे वेढे कापले. मी म्हटलं, "अजून एक काप, उंच वाटते." तो म्हणाला, "कापलेलं लोखंड परत वाढत नाही, पोरी. उद्या लावून बघू, मग कापू."

उद्या वीजच आली नाही. स्प्रिंग लावून बघितली, तर एक वेढा जास्त. हाताने ओढायची हॅकसॉ लावली, पात्याचे दात गेले. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना.

आता हे कसं असतं ते सांगते. स्प्रिंग बसते दोन लोखंडांच्या मध्ये. वर गाडीचा सांगाडा, खाली चाक धरणारा हात. खालच्या हाताला जॅक लावून वर ढकलायचं, स्प्रिंग दबते, मग वरची पिन भोकात घालून नट आवळायचा. पण स्प्रिंग गाडीपेक्षा ताकदवान असली तर ती दबत नाही, गाडीच वर उचलली जाते. मग एकच उपाय. गल्लीला हाक मारायची आणि गाडीच्या नाकावर माणसं बसवायची.

आमच्याकडे ह्यात कुणाला नवल वाटत नाही. एवेलियो बेकरीतून पिठाच्या हातानेच आला. त्याची ढेरी बघून निकानोर म्हणाला, "हा आला, आता दुसरं कुणी नको."

"तुझ्या गाडीला माझ्याशिवाय कोण विचारतं?" एवेलियो म्हणाला आणि बॉनेटवर असा बसला की पत्रा कण्हला.

शेजारची मिरेया आली, तिचा मोठा मुलगा ओस्निएल आला, वरच्या घरचे दोघे जुळे भाऊ आले. जुळे एका मडगार्डवर, मायलेक दुसऱ्यावर. सोराइदा तिच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. पाय भोपळ्यासारखे सुजलेले, श्वास अर्धाच. तोंड मात्र पूर्ण.

"ए एवेलियो, नीट बस. पावासारखा फुगू नकोस!"

"तुझी पाळी होती बसायची, सोराइदा. तू असतीस तर आम्ही घरी झोपलो असतो."

"मी राणी आहे. राणी गाडीत बसते, गाडीवर नाही."

स्प्रिंग उडू नये म्हणून आम्ही तिच्यातून साखळी ओवली आणि सांगाड्याला बांधली. साखळी आमच्या डुकराची. डुकराला तेवढ्यापुरतं कपड्याच्या दोरीने बांधलं.

जॅक माझ्याकडे. जॅक जुना ट्रकचा, तेल गळणारा. ताकद भरपूर, पण पंप मारत राहिलं नाही तर हळूहळू बसतो. निकानोर आडवा होऊन चाकाच्या खोबणीत शिरला. स्प्रिंगचं वरचं टोक फिरवून तिच्या खाचेत बसवायचं होतं, आणि ते हातानेच करावं लागतं. उजवा हात कोपरापर्यंत आत. मला हे आवडत नव्हतं. मी म्हटलं, "मी घालते हात, माझा बारीक आहे."

"तू जॅक बघ."

"निकानोर..."

"जॅक बघ म्हटलं ना!"

मी पंप मारायला लागले. लोखंड कुरकुरत होतं. एकेक वेढा जवळ येत होता. वर बसलेल्या सगळ्यांना खालची ताकद पार्श्वभागाखाली कळत होती. एवेलियो पुटपुटला, "आई ग, ही तर जिवंत आहे."

"अजून," निकानोर म्हणाला. "अजून थोडं. थांब. अजून."

पिन आणि भोक यांच्यात बोटभर अंतर राहिलं असेल. तेवढ्यात कोपऱ्यावरून कुणीतरी बाई ओरडली.

"कोंबडी आली! दुकानात कोंबडी आली! ट्रक रिकामा होतोय!"

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना काय सांगू? कितीतरी दिवस रेशनच्या दुकानात कोंबडी नव्हती. आमच्याकडे ही आरोळी ऐकली की माणूस आधी पळतो आणि मग विचार करतो. ओस्निएल पळाला. त्याने ठरवून केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या पायांनी केलं. त्याच्यामागून जुळे उडाले. मिरेया अर्धी घसरली, एक पाय जमिनीवर.

जाडीचं नाक वर आलं.

जॅक तिरका झाला. वरचं टोक खाचेतून सुटलं आणि सगळी स्प्रिंग धनुष्यासारखी बाहेर वाकली. साखळी ताणून वाजली, पण टिकली. निकानोरचा हात स्प्रिंग आणि सांगाडा यांच्यात सापडला.

तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "लिस्बेट. पंप मारू नकोस."

तो मला कधी नावाने हाक मारत नाही. पोरी म्हणतो, नाहीतर ए.

"सोडू का जॅक?"

"सोडलास तर स्प्रिंग साखळी तोडून माझ्या तोंडावर येईल." आवाज बारीक झाला होता. "उचललास तर गाडी अजून वर जाईल. जॅक तिरका आहे, निसटेल. नाक खाली आण. नाक खाली आलं की जॅक सरळ होईल. मग पहारीने वरचं टोक आत ढकल."

नाक खाली आण. कुणाला घेऊन? मी तोंड सोडलं. ओस्निएलला, जुळ्यांना, त्यांच्या आयांना, त्या कोंबडीला. गल्ली रिकामी झाली होती. सगळे कोपऱ्यापलीकडे. मिरेया रडत रडत परत वर चढली. एवेलियो हललाच नव्हता, त्याने दोन्ही हातांनी बॉनेटची कड धरली होती आणि डोळे मिटले होते. दोघांनी नाक थोडं खाली आलं. पुरेसं नाही. मी स्वतः बसले असते, पण जॅक गळत होता. मी हात काढला की तो बसणार.

पाठीमागे काहीतरी घासत आल्याचा आवाज आला. सोराइदा. भिंत धरून, एकेक पाऊल ओढत. रस्ता म्हणजे काय, पाच-सहा ढांगांचा, पण ती मध्येच थांबून श्वास गोळा करत होती.

"मला बसवा."

निकानोरने खालून ऐकलं. बहिऱ्याला नको तेव्हा सगळं ऐकू येतं. "तिला बसवू नका! तिच्या हाताला धक्का लागला तर मशीन कुठे लावणार?"

तिच्या डाव्या हातात मशीनसाठी शीर जोडलेली आहे. त्या हाताला जड काही लावायचं नसतं. सोराइदाने तो हात छातीशी धरला.

"तू गप. तुझा हात गेला तर गाडी कोण चालवणार, तुझं डुक्कर?"

"सोराइदा, देवाची शपथ..."

"देवाचा कोंबडीच्या रांगेत नंबर लागलाय. मी आहे ती आहे. शनिवारपासूनचं पाणी आहे माझ्यात, फुकट वागवतेय. एवेलियो, दे हात. तो नाही रे, उजवा धर, उजवा!"

एवेलियोने तिला काखेत हात घालून वर ओढलं. मी एका हाताने पंपाचा दांडा धरलेला, दुसऱ्या खांद्याने तिला खालून रेटलं. ती बॉनेटवर टेकली तेव्हा तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. पण नाक खाली आलं. हळू, मग अजून थोडं. जॅक जागच्या जागी सरळ होताना मी बघितला.

"मिरेया, उतर. जॅक धर. असाच पंप मार, हळू. थांबलीस तर मी तुला सोडणार नाही."

मिरेया खाली आली. तिने दांडा धरला. तिच्या जागी आता सोराइदा एकटी पुरत होती. मी पहार घेऊन खोबणीत शिरले. निकानोरचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. कपाळावरून घाम कानात जात होता.

"बघू नकोस माझ्याकडे," तो म्हणाला. "टोकाकडे बघ. तुझ्याकडे ओढ नाही, ढकल. मी सांगेन तेव्हा."

"सांग."

"मिरेया, एक पंप. बस. अजून एक. आता!"

मी सगळं अंग पहारीवर टाकलं. काहीच हललं नाही. परत टाकलं. पहार सटकली आणि माझे दात माझ्याच गुडघ्यावर आपटले. तोंडात रक्त आलं. वरून सोराइदा म्हणाली, "लवकर करा गं बाई, मला श्वास पुरत नाहीये." चेष्टेत नाही म्हणाली. तिला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिसऱ्यांदा मी पाय सांगाड्याला लावले, पाठ जमिनीला, आणि ढकललं. टोक एकदम खाचेत गेलं. खण्ण! सगळी गाडी शहारली. निकानोरचा हात बाहेर पडला, मेल्या माशासारखा.

"पिन," तो म्हणाला. "आधी पिन. कुणी उतरायचं नाही."

पिन मी घातली. नट मी लावला. त्या नटाचे आटे आम्हीच हाताने पाडलेले, घाई केली की वाकडे चढतात. तेव्हा जगातल्या सगळ्या घाईला शिव्या घालत मी तो बोटाने फिरवत होते, आणि वर सोराइदाचा श्वास ऐकत होते. मध्ये एकदा तो ऐकूच आला नाही. मी ओरडले, "सोराइदा!"

"आहे. मरताना तुला सांगून मरेन."

नट बसला. पान्याने आवळला. निकानोरने डाव्या हाताने चाचपून बघितलं आणि मान हलवली. मग एवेलियोने सोराइदाला उतरवून, जवळजवळ उचलूनच, खुर्चीत नेलं. तिचे ओठ निळे पडले होते. मिरेया जॅकजवळच बसून राहिली, दांडा सोडेना. तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

निकानोरचा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा. बोटं हलत होती, पण मूठ मिटत नव्हती. मी म्हटलं, "दवाखान्यात चल." म्हणाला, "उद्या जातोच आहे की." आणि चाक लावायला घेतलं, डाव्या हाताने.

अंधार पडायच्या आत ओस्निएल आला. हातात पिशव्या. त्याने रांगेत गाडीवर बसलेल्या सगळ्यांचे नंबर धरले होते, आमचा आणि सोराइदाचा पण. दारात उभा राहिला, आत यायची हिंमत नाही. "मला वाटलं बाकीचे बसलेत," तो म्हणाला. मी पिशवी घेतली आणि त्याच्या छातीवर फेकून मारली. निकानोर उठला, कोंबडी उचलली, धूळ झटकली आणि म्हणाला, "पाय चांगला आहे हिचा. आत ये, कॉफी घे." ओस्निएल आला. मी उठून अंगणात डुकराजवळ जाऊन बसले. निकानोर असाच आहे. मी तशी नाही, आणि मला व्हायचंही नाही. ओस्निएलशी मी अजून बोलत नाही.

गुरुवारी उजाडताना जाडी गल्लीत उभी राहिली तेव्हा डावीकडून उंच, वास घेणाऱ्या कुत्र्यासारखी. स्टिअरिंग मी धरलं. माझ्याकडे लायसन्स नाही. निकानोर मागे बसला, जन्मात पहिल्यांदा, आणि पूर्ण रस्ता माझ्या मानेवर श्वास टाकत सांगत होता, खड्डा, खड्डा, अगं खड्डा. पुढे सोराइदा बसलेली. ती बोलत नव्हती. ती बोलत नाही म्हणून मला रस्ता दिसेना. प्रत्येक खड्ड्याला मी डाव्या चाकाकडे कान लावायची. रेल्वे फाटक आलं. मी जवळजवळ थांबले.

"जा," निकानोर म्हणाला. "ती धरेल."

मी गेले. तिने धरलं.

हॉस्पिटलच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन आलेल्या माणसाने सोराइदाचा चेहरा बघितला आणि काही न विचारता पळतच आत नेली. आम्ही बाहेर बाकावर. किती वेळ गेला मला माहीत नाही. निकानोर भिंतीकडे बघत होता, मी त्याच्या हाताकडे. मग आतून एक नर्स आली. म्हणाली, मशीन लागलं, श्वास सुधारतोय, आणि अजून उशीर झाला असता तर... मग विचारलं, "तुमच्यात निकानोर कोण? बाई म्हणतेय, तो दारातून पळून जाईल, त्याला धरून ठेवा आणि त्याचा हात बघा."

निकानोर खरंच उठला होता. गाडीखाली एकदा बघून येतो म्हणत होता.

मी त्याचा चांगला हात धरला. नर्सने दुसरा.